छोट्या नाटकाचे नेपथ्य आणि प्रॉपर्टी कशी करावी

नेपथ्याचे काम अंगावर आले, की डोळ्यांपुढे आधी एक चित्र उभे राहते: तिरपी भिंत, खिडकीतून येणारी तिरीप, कोपऱ्यात जुनी आरामखुर्ची. हे चित्र काही दिवस बाजूला ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. मोजके नट, बेताचा निधी, लहान मंच आणि जेमतेम काही तासांसाठी मिळणारे सभागृह एवढ्या भांडवलावर उभ्या राहणाऱ्या नाटकात नेपथ्याने दोन गोष्टी साधल्या पाहिजेत. नटाला जे करायचे आहे ते त्या जागेत विनासायास करता आले पाहिजे, आणि ते शेवटच्या रांगेत अगदी कडेला बसलेल्या प्रेक्षकालाही दिसले पाहिजे. देखणेपणा या दोहोंच्या मागून येतो आणि बहुधा त्यांच्यातूनच येतो.

संहितेतून काय काढावे

संहिता निदान तीनदा वाचावी. पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता, प्रेक्षक म्हणून करावे. दुसऱ्या वाचनात पात्रे शरीराने जे जे करतात तेवढ्याचीच नोंद करावी: कोण कुठून येते, कुठे बसते, काय उचलते, कशामागे लपते, कोणते दार आपटून जाते. तिसऱ्या वाचनात त्या जागेचा पूर्वेतिहास शोधावा. म्हणजे तिथे कोण किती वर्षे राहिले, कुठे कुठे हात लागत आले, काय दुरुस्त करायचे राहून गेले. लेखकाने कंसात दिलेल्या रंगसूचना आदराने वाचाव्यात, पण त्यांना आज्ञा समजू नये, कारण पुष्कळदा त्या लेखकाच्या मनातल्या एखाद्या मोठ्या रंगमंचाला धरून लिहिलेल्या असतात.

एक उदाहरण घेऊ आणि पुढे तेच चालवू. आईच्या मृत्यूनंतर भाऊ आणि बहीण तिची खोली रिकामी करायला आले आहेत. एकच खोली, एकच संध्याकाळ. पत्र्याच्या ट्रंकेत त्यांना एक पत्र सापडते, बहीण ते वाचते, भाऊ ते फाडतो, आणि मध्येच शेजारीण दोनदा येऊन जाते. लेखकाने खोलीत पलंग, कपाट, टेबल, दोन खुर्च्या, खिडकी, घड्याळ आणि भिंतीवर तसबिरी सांगितल्या आहेत. आता हालचालींची नोंद समोर ठेवून पाहिले, तर खिडकीतून कोणीच बाहेर पाहत नाही आणि कपाट कोणी उघडत नाही, असे दिसते. पलंगावरही शेवटच्या प्रवेशापर्यंत कोणी बसत नाही. पण तो आईचा आहे, म्हणूनच बसत नाही. तेव्हा पलंग ही या नाटकातली सर्वांत महत्त्वाची वस्तू ठरते आणि तो सतत दिसेल अशा जागी असायला हवा. ट्रंक हवीच. भावाला न कळता बहिणीला पत्र वाचता येईल, तरीही प्रेक्षकाला तिचा चेहरा समोरून दिसेल, अशी एक जागा हवी. शेजारणीसाठी एक दार हवे. बाकीचे सगळे वगळता येते, आणि छोट्या नाटकात वगळण्याचे धैर्य असणे हा नेपथ्यकाराचा मोठा गुण आहे.

ही नोंद घेऊन दिग्दर्शकाशी बसावे. नाटकातले सर्वांत महत्त्वाचे दोन-तीन क्षण कोणते आणि ते मंचावर कुठे घडावेत असे वाटते, हे त्याला विचारावे. रंग आणि लाकूडसामान यांची चर्चा त्यानंतर करावी. प्रकाशयोजनाकार आणि वेशभूषाकार यांना याच टप्प्यावर बोलावलेले बरे. भिंत रंगवून झाल्यावर नायिकेची साडी त्याच रंगाची असल्याचे कळले, तर दोघांपैकी एकाचे काम वाया जाते.

जागा मोजणे आणि प्रेक्षकाच्या खुर्चीत बसणे

सभागृहाचा छापील नकाशा मिळाला तरी स्वतः टेप घेऊन मोजावे. दर्शनी कमानीची रुंदी, मंचाची खोली, विंगांची (मंचाच्या दोन्ही कडांच्या, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या भागांची) जागा, वर सामान टांगण्याची सोय, मंचाची प्रेक्षागृहाच्या जमिनीपासूनची उंची, वीजजोडणीची ठिकाणे आणि मंचाचा उतार किंवा खाचखळगे, हे सगळे टिपून घ्यावे. सामान आत आणण्याच्या दाराची रुंदी व उंची मोजायला पुष्कळजण विसरतात. ज्या दारातून साडेतीन फूट रुंदीची वस्तूच येते, तिथे ४ फुटी लेव्हल, म्हणजे मंचावर उंची देण्यासाठी ठेवायचा चौथरा, आडवी येणार नाही. जिन्याची वळणे आणि लिफ्टचा आकारही याच वहीत लिहावा.

मग प्रेक्षागृहात जाऊन पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना आणि शेवटच्या रांगेच्या दोन्ही टोकांना बसून पाहावे. तेवढ्यात कोणाला तरी मंचावर उभे करून मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे हलायला सांगावे आणि तो कुठे दिसेनासा होतो त्या जागी खडूने खूण करावी. या दृष्टिरेषा नंतर नकाशावर काढल्या, की मंचाचा खरोखर वापरता येणारा भाग समजतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो. खुर्च्या सपाट जमिनीवर मांडलेल्या असतील आणि मंच बुटका असेल, तर आणखी एक अडचण येते: जमिनीवर बसलेला नट तिसऱ्या-चौथ्या रांगेपासून दिसतच नाही. आपल्या उदाहरणात बहीण ट्रंकेपाशी जमिनीवर बसून पत्र वाचणार असेल, तर तिला तरी फूटभर उंच लेव्हलवर आणावे लागेल किंवा ट्रंक एखाद्या चौरंगावर ठेवून तिला उभ्याने वाकायला लावावे लागेल. हा निर्णय कागदावर असतानाच घ्यावा.

लहान जागेचा कमीपणा मात्र मानू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाचे जे मध्यम माप सांगितले आहे ते ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद इतकेच आहे, आणि याहून मोठे बांधू नये, कारण तिथे शब्द नीट ऐकू येत नाहीत व चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असे कारणही दिले आहे. छोट्या सभागृहात प्रेक्षकाला पापणी लवलेली दिसते. म्हणूनच तिथे खोटी वस्तू लगेच उघडी पडते आणि खरी, जपून निवडलेली एकच वस्तू पुरेशी होते.

आराखडा आणि मॉडेल

आराखड्यासाठी अर्धा इंच बरोबर एक फूट, म्हणजे १:२४ हे प्रमाण सोयीचे पडते. मोजमाप मीटरमध्ये असेल तर १:२५ घ्यावे. वरून दिसणारा नकाशा आधी काढावा. समजा, मंच २० फूट रुंद आणि १४ फूट खोल आहे. मागच्या बाजूने नटांना एका विंगेतून दुसऱ्या विंगेत जाता यावे म्हणून २ फूट सोडले आणि पुढे दर्शनी पडद्यासाठी व मोकळ्या हालचालीसाठी २ फूट सोडले, की हाती १० फूट खोली उरते. त्यात ६ फुटी पलंग मंचाच्या खोलीच्या दिशेने उभा ठेवला तर निम्म्याहून अधिक जागा तोच खातो. मागच्या भिंतीला समांतर ठेवला तर तीन फुटांत भागते, पण मग तो सपाट दिसतो. थोडा तिरका ठेवल्यास दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी साधतात. अशी घासाघीस कागदावर पाच-सहा वेळा करावी लागते आणि ती करण्यात घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही.

एका माणसाला सहज चालायला निदान अडीच ते तीन फुटांची वाट लागते. दोघे एकमेकांना ओलांडून जाणार असतील किंवा वेश घेरदार असेल तर ४ फूट धरावे. घरात खुर्ची आणि टेबल जितके जवळ असतात त्यापेक्षा मंचावर ते थोडे लांबच असावे लागतात. बाजूच्या भिंती मंचाच्या कडेला काटकोनात उभ्या करू नयेत; त्या प्रेक्षकाकडे उघडणाऱ्या कोनात ठेवाव्यात, म्हणजे कडेच्या खुर्च्यांवरूनही त्या दिसतात आणि खोली ऐसपैस वाटते. बाजूच्या भिंतीतले दार शक्यतो मंचाबाहेर उघडणारे असावे आणि त्याच्या बिजागऱ्या मागच्या, म्हणजे प्रेक्षकापासून दूरच्या कडेला असाव्यात. तसे केले तर आत येणारा नट दाराच्या फळीमागे न अडकता लगेच समोर येतो. दाराच्या पलीकडे एक पडदा किंवा फ्लॅट (चौकटीवर कापड किंवा प्लाय लावून केलेला भिंतीचा तुकडा) उभा करावा, नाहीतर दार उघडताच विंगेतली दोरखंडे दिसतात.

नकाशा पक्का झाला की पुठ्ठ्याचे मॉडेल करावे. ते सुबक असण्याची गरज नाही. मात्र त्यात साडेपाच फूट उंचीच्या माणसाची, म्हणजे या प्रमाणात पावणेतीन इंचाची, पुठ्ठ्याची आकृती अवश्य ठेवावी, कारण तिच्यावाचून भिंतीची उंची व दाराचा आकार यांचा अंदाज हमखास चुकतो. डोळा मॉडेलच्या जमिनीच्या पातळीवर आणून, एका टोकाच्या खुर्चीतून पाहिल्यासारखे पाहावे. फोन त्या उंचीवर धरून छायाचित्र काढले तर दिग्दर्शकाला आणि नटांना ते लगेच समजते.

बांधणी

भिंती उभ्या करण्यासाठी फ्लॅट वापरतात. प्लायचा तक्ता ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद मिळतो, म्हणून फ्लॅटही त्याच मापात ठेवले तर कापाकापी व नासाडी कमी होते आणि दोन माणसांना ते उचलता येतात. लाकडी पट्ट्यांची चौकट करावी, मध्ये एक आडवी पट्टी द्यावी आणि कोपऱ्यांवर ६ मिलिमीटर प्लायचे त्रिकोणी तुकडे सरस लावून स्क्रूने बसवावेत. प्लायच्या वरच्या थराच्या रेषा सांध्याला आडव्या जातील असे पाहावे. त्याने सांधा मजबूत होतो. हे तुकडे बाहेरच्या कडेपासून पाऊण इंच आत ठेवले, की दुसरा फ्लॅट काटकोनात बिनफटीचा टेकतो. खालची आडवी पट्टी मात्र पूर्ण रुंदीची घ्यावी आणि उभ्या पट्ट्या तिच्यावर टेकवाव्यात. फ्लॅट जमिनीवरून ओढला जातोच, आणि उभ्या पट्टीचे टोक जमिनीला लागत असेल तर ते चिरते.

चौकटीवर मांजरपाट ताणून लावता येतो किंवा पातळ प्लाय ठोकता येतो. मांजरपाट हलका आणि स्वस्त पडतो. तो लावताना फार ओढून ताणू नये, कारण खळ किंवा पातळ केलेला पहिला रंग चढवला की कापड आकसते आणि आपोआप ताठ होते. आधीच ताणलेले असेल तर चौकटच वाकते. ज्या भिंतीला नट टेकणार आहे, जिच्यात दार बसवायचे आहे किंवा जिच्यावर काही टांगायचे आहे, ती प्लायची करावी. दार आपटल्यावर सगळी भिंत थरथरली, तर प्रेक्षकाच्या मनातले ते घर त्या क्षणी मोडते. म्हणून दाराची चौकट स्वतंत्रपणे उभी राहील अशी बांधावी आणि तिला दोन्ही बाजूंनी टेकू द्यावेत. प्रत्येक फ्लॅटला मागून तिरका टेकू लागतो. त्याचे वरचे टोक उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर असावे आणि खालच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी, कारण सभागृहाच्या जमिनीत खिळे ठोकायला बहुधा परवानगी नसते.

सांधे खिळ्यांऐवजी बोल्टने किंवा दांडी काढता येणाऱ्या बिजागरीने जोडावेत. त्याने सेट लावायला व काढायला फार कमी वेळ लागतो आणि लाकूड पुढच्या नाटकाला उपयोगी पडते. प्रत्येक तुकड्याच्या मागे क्रमांक व बाण ठळक रंगवून ठेवावा.

लेव्हलवर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. अॅडॉल्फ आपिया या स्विस रंगकर्मीने, ज्याचा काळ १८६२ ते १९२८, रंगवलेले सपाट पडदे आणि त्यांच्यापुढे हलणारा घनाकार माणूस यांचा मेळ बसत नाही, हे बारकाईने मांडले आणि पडद्यांच्या जागी पायऱ्या, चौथरे व प्रकाश यांचा आग्रह धरला. लहान मंचावर याचा प्रत्यय लगेच येतो: फूटभर उंचीच्या एका लेव्हलने दोन पात्रांतले नाते दहा वाक्यांपेक्षा जास्त स्पष्ट होते. लेव्हलचा वरचा प्लाय १८ मिलिमीटरचा असावा आणि खाली दोन फुटांहून कमी अंतरावर आडवे दांडे असावेत. पायांना तिरके आधार द्यावेत, नाहीतर नट धावत आला की लेव्हल डुलते. चालताना पोकळ आवाज येऊ नये म्हणून वर जुने कार्पेट किंवा नमदा घालून त्यावर रंगवलेले कापड ताणावे. पायऱ्यांची उंची ६ ते ७ इंच आणि रुंदी निदान १० इंच ठेवावी. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्यात, कारण संवाद बोलणारा नट पायांकडे पाहत नाही.

रंग आणि प्रकाश

एकाच रंगाची सपाट रंगवलेली भिंत दिव्यांखाली मेलेली दिसते. मॅट रंगाचा मूळ हात दिल्यावर त्याच रंगाच्या किंचित गडद आणि किंचित फिक्या छटा ब्रश झटकून, स्पंजने किंवा जवळजवळ कोरड्या ब्रशने चढवाव्यात. दोन हातांवरून जे ढोबळ आणि खडबडीत वाटते ते १५ फुटांवरून एकजीव दिसते, म्हणून रंगवताना वारंवार मागे जाऊन पाहावे. भिंतीचा वरचा भाग खालच्यापेक्षा थोडा गडद ठेवला, की प्रेक्षकाची नजर आपोआप चेहऱ्यांच्या उंचीवर उतरते. चकचकीत ऑइल पेंट टाळावा; त्याच्यावर दिवे चमकतात. पांढरी भिंतही टाळावी, कारण ती इतका प्रकाश परतवते की तिच्यापुढचे चेहरे काळवंडतात. पांढरी भासायला हवी असेल तर फिकट करडी किंवा मातकट छटा घ्यावी. दिव्यांखाली ती पांढरीच वाटते.

रंग पक्का करण्याआधी दोन फूट लांब-रुंद नमुना रंगवून तो प्रत्यक्ष वापरायच्या जिलेटिनखाली, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाच्या प्रकाशात, पाहावा. निळा रंग अंबर, म्हणजे पिवळट नारिंगी, प्रकाशात मळकट करडा होतो आणि लाल रंग हिरव्या प्रकाशात काळपट दिसतो.

आता आपल्या खोलीकडे पुन्हा वळू. भिंतीवरच्या तसबिरी आपण वगळल्या होत्या. त्यांच्या जागी फक्त तीन चौकोन रंगवावेत, भोवतालच्या भिंतीपेक्षा थोडे उजळ, आणि प्रत्येकाच्या वर एक खिळा तसाच ठेवावा. तसबिरी कोणीतरी आधीच काढून नेल्या आहेत, हे प्रेक्षकाला एका नजरेत कळते आणि भावंडांच्या भांडणाची सुरुवात झालेली असते. उजळ चौकोनाच्या कडा फार रेखीव ठेवू नयेत. खालच्या कडेला धूळ ओघळल्याची पुसट रेघ द्यावी. दाराच्या कडीभोवती, जिथे वर्षानुवर्षे हात लागला असेल तिथे, भिंत थोडी तेलकट गडद करावी. पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर डोके टेकून झालेला डाग हवा. अशा खुणा चार-पाचच असाव्यात, पण त्या नेमक्या जागी असाव्यात.

प्रॉपर्टी

प्रॉपर्टीची, म्हणजे प्रयोगात मंचावर लागणाऱ्या आणि नटांनी हाताळायच्या वस्तूंची, यादी तालमी सुरू होण्याआधी करावी आणि ती एकाच माणसाच्या ताब्यात असावी. यादीत वस्तू, ती कोणत्या प्रवेशात येते, कोण आणते, कोणत्या विंगेतून, प्रवेश संपताना ती कुठे राहते आणि प्रत्येक प्रयोगाला नवी लागते का, एवढे रकाने ठेवावेत. तालमींत बदल होतात. ते त्याच दिवशी यादीत उतरवावेत. नटाच्या खिशातला रुमाल आणि चष्माही यादीत असायला हवा, कारण नेमक्या अशाच वस्तू ऐनवेळी सापडत नाहीत.

खऱ्या वस्तू तयार होईपर्यंत तालमीत त्याच आकाराच्या व साधारण त्याच वजनाच्या बदली वस्तू द्याव्यात. रिकाम्या हातांनी बसवलेली हालचाल वस्तू हातात आल्यावर विस्कटते. वजनाचा विचार दोन्ही बाजूंनी करावा लागतो. नाट्यशास्त्रातही रंगमंचावरची शस्त्रे व उपकरणे जड धातूची न करता लाकूड, कापड, लाख अशा हलक्या द्रव्यांची करावीत असे सांगितले आहे, कारण जड वस्तूंनी नट थकतो. ढाल, मूर्ती, मोठी पेटी यांसाठी आजही पुठ्ठा आणि कागदाचा लगदा यांच्याइतके उपयोगी काही नाही. लगद्याचे थर पातळ द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. याउलट जिथे वजन दिसायला हवे तिथे ते असले पाहिजे. रिकामा पेला पाण्याने भरलेल्या पेल्यासारखा धरता येत नाही, आणि भरलेली म्हणून दाखवलेली सूटकेस नटाने करंगळीवर उचलली की सगळे संपते. आपल्या पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी वाळूची पिशवी पक्की बांधावी, म्हणजे ओढताना ती खरी वाटते आणि झाकण उघडल्यावर मागे कलंडत नाही. झाकण आपोआप पडू नये म्हणून आतून साखळी लावावी. कडीचा आवाज येतो का हे तपासावे. या नाटकात तो यायला हवा आहे, कारण त्या आवाजाने भाऊ वळून पाहतो.

पत्राकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सगळे नाटक त्याच्यावर उभे आहे. कोऱ्या कागदावर नटीला अभिनय करायला लावू नये. पत्रातला पूर्ण मजकूर, नाटकात जेवढा वाचला जातो त्याच्या मागचा-पुढचाही, हाताने लिहिलेला असावा. पहिल्या रांगेला कागदावर अक्षरे आहेत की नाहीत हे दिसते, आणि नटीच्या डोळ्यांना ओळींवरून फिरायला खरोखर ओळी मिळतात. कागद जुना दिसण्यासाठी तो चहाच्या पातळ पाण्यात बुडवून वाळवावा आणि घड्यांच्या रेषा पुन्हा पुन्हा दाबून झिजवाव्यात. शाई पाण्याने फुटणारी असेल तर आधी कागद रंगवून मग लिहावे. हे पत्र दर प्रयोगात फाटणार आहे, म्हणून प्रयोगांच्या दुप्पट प्रती तयार ठेवाव्यात: एक वापरायची आणि एक राखीव. कागद त्याच्या तंतूंच्या दिशेने सरळ फाटतो आणि आडव्या दिशेने वेडावाकडा फाटतो. तेव्हा एक तुकडा दोन्ही दिशांनी फाडून पाहावा आणि भावाला ज्या दिशेने फाडायचे आहे त्याप्रमाणे सगळ्या प्रती कापाव्यात. फार पातळ कागद फाटताना आवाज करत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नाटकाचा काळ ठरलेला असेल तर वस्तूंच्या काळाची खातरजमा करावी. बॉलपेन अमेरिकेत सर्रास विक्रीला आले ते १९४५ मध्ये, बटणे दाबायचा टेलिफोन ग्राहकांना मिळू लागला १९६३ मध्ये, आणि दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला १९७४ मध्ये. १९५० सालच्या घरात बारकोड छापलेला डबा दिसला, तर तो ज्याच्या नजरेस पडेल त्याचे पुढच्या पाच मिनिटांतले नाटक हुकते. शंका असेल तेव्हा वस्तूवरची छपाई झाकावी किंवा ती वस्तूच काढून टाकावी.

आरसे आणि तसबिरींच्या काचा दिवे परतवतात. काच काढून टाकता आली तर उत्तम. नाहीतर आरसा थोडा खाली झुकवावा किंवा त्यावर कोरड्या साबणाचा हात फिरवावा. बसण्याच्या सामानाची उंची १७-१८ इंचांहून कमी नसावी. फार मऊ, खोल सोफ्यातून उठताना नट धडपडतो, तेव्हा गादीखाली प्लाय सरकवावा.

विंगेत प्रॉपर्टीसाठी वेगळे टेबल असावे. त्यावर पांढरा कागद अंथरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढावी आणि तिचे नाव लिहावे. रिकामा चौकोन दिसला की काय हरवले आहे ते अंधुक उजेडातही कळते. वस्तू वापरून झाली की नटाने ती त्याच जागी परत ठेवायची, आणि त्या टेबलावर दुसरे काहीही ठेवायचे नाही, एवढी शिस्त पहिल्या तालमीपासून लावावी.

आग आणि इजा

३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वाय थिएटरमध्ये आर्क दिव्याच्या ठिणगीने मंचावरच्या कापडी पडद्याने पेट घेतला आणि ६०० हून अधिक माणसे दगावली. मांजरपाट, कागद, रंग आणि तापलेले दिवे आपणही एकत्र आणत असतो. म्हणून दिवे आणि कापड यांच्यात भरपूर अंतर ठेवावे, बाहेर जाण्याच्या वाटा कोणत्याही कारणाने अडवू नयेत, अग्निशामक नळकांडे विंगेत हाताशी असावे आणि ते कसे चालवायचे हे निदान दोघांना माहीत असावे. सुती कापडावर बोरॅक्स व बोरिक अॅसिडच्या पाण्याचा हात दिल्यास ते सहज पेटत नाही, पण धुतल्यावर हा गुण जातो, आणि एक तुकडा उघड्यावर पेटवून पाहिल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये. थर्माकोल आकार देण्यास सोपा म्हणून सर्रास वापरला जातो. तो भराभर पेटतो, वितळून थेंब टाकतो आणि दाट काळा धूर करतो. मी तो मंचापासून दूरच ठेवण्याचा सल्ला देईन. मंचावर उघडी ज्योत हवीच असेल तर सभागृहाची लेखी परवानगी घ्यावी. बॅटरीवरची ज्योत आता पुरेशी खरी दिसते.

शस्त्र दिसायला कितीही निरुपद्रवी असले तरी ते एकाच माणसाच्या ताब्यात, कुलुपात असावे. धार कधीच नसावी, टोक गोल असावे.

तालीम, प्रवेशबदल आणि प्रयोगाचा दिवस

हालचाली बसवायला सुरुवात होईल त्या दिवशी तालमीच्या जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने नेपथ्याचा पूर्ण नकाशा उतरवावा: भिंती एका रंगात, लेव्हल दुसऱ्या, दारे उघडतात तो कोनसुद्धा. नट कुठे अडखळतात ते पाहायला नेपथ्यकाराने निदान काही तालमींना स्वतः बसावे. बदल करायचे ते इथेच, लाकूड कापण्याआधी.

प्रवेशबदल असेल तर तो घड्याळ लावून बसवावा आणि कोणी काय उचलायचे ते प्रत्येकाच्या नावाने लिहून द्यावे. अंधारात अर्धे मिनिटही फार लांब वाटते. जड वस्तू दोघांनी उचलायची, आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट वेगळी ठेवायची, आणि रिकाम्या हाताने कोणी विंगेत परतायचे नाही, हे तीन नियम पाळले तर वेळ चटकन कमी होतो. सामानाच्या पायांच्या जागा मंचावर छोट्या खुणांनी दाखवाव्यात. लेव्हलच्या आणि पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणारी पट्टी प्रेक्षकांना दिसणार नाही अशी लावावी. पडद्यामागे निळा मंद दिवा पुरतो.

सभागृह मिळण्याआधी सगळा सेट एकदा मोकळ्या जागेत पूर्ण उभा करून पाहावा आणि तो लावायला व काढायला किती वेळ लागतो ते मोजावे. तीन तासांचा सेट आणि दोन तासांची मुदत हे गणित सभागृहात सुटत नाही. ते इथेच तुकडे कमी करून सोडवावे लागते. सामान गाडीत भरताना जे शेवटी लागणार ते आधी भरावे. प्रयोगाच्या दिवशी आधी भिंती व लेव्हल, मग दिव्यांची जुळणी, नंतर फर्निचर आणि सर्वांत शेवटी प्रॉपर्टी, असा क्रम ठेवावा. रंगीत तालमीत सगळ्या वस्तू, सगळे दिवे आणि पूर्ण वेशभूषा असलीच पाहिजे, कारण पदर कडीत अडकतो की नाही हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. पडदा उघडण्याआधी अर्धा तास नेपथ्यकाराने किंवा रंगमंच व्यवस्थापकाने यादी हातात घेऊन प्रत्येक वस्तूला बोट लावून तपासणी करावी. आमच्या नाटकात तो माणूस ट्रंक उघडेल, पत्र आत आहे हे पाहील आणि राखीव प्रत पलंगाच्या गादीखाली सरकवेल.

पुढचा प्रयोग दुसऱ्या सभागृहात असेल तर तिथला मंच अरुंद निघू शकतो. यासाठी आराखडा करतानाच एखादा फ्लॅट असा ठेवावा की तो काढला तरी दार, पलंग आणि ट्रंक यांच्यातली अंतरे बदलत नाहीत. सेट काढल्यावर प्रत्येक तुकड्याचे छायाचित्र, नकाशाची शेवटची प्रत, रंगांची मिश्रणे आणि लागलेला वेळ एका वहीत नोंदवावा, उसन्या आणलेल्या वस्तू दुसऱ्याच दिवशी परत कराव्यात, आणि मांजरपाटाचे फ्लॅट कोरड्या जागी उभे, समोरासमोर तोंड करून ठेवावेत.